वेगवेगळ्या नावांची एक्सएमएल एलिमेंट्स एकाच लिस्टमध्ये आणणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे प्रामुख्याने जावामधील जॅक्सबी आणि डॉट नेटमधील एक्सएमएल-सिरियलायझर वापरणाऱ्यांसाठी आहेत. एक्सएमएल फाइल वाचून प्रोग्राममधील ऑब्जेक्ट बनवणाऱ्या आणि ती परत लिहिणाऱ्या या बाइंडिंग लायब्ररी आहेत. इतर भाषांचा विचार पुढे एका प्रश्नात थोडक्यात केला आहे. उदाहरण सर्वत्र एकच घेतले आहे: एसव्हीजी या एक्सएमएलमध्ये लिहिल्या जाणाऱ्या चित्र-स्वरूपाच्या धर्तीवरची एक छोटी फाइल. एसव्हीजीतील मूळ नावे इंग्रजी आहेत, नमुन्यात मात्र ती मराठी केली आहेत आणि एक्सएमएलच्या नियमांत ती बसतात. ॲनोटेशनची, म्हणजे क्लास किंवा प्रॉपर्टीवर लावायच्या खुणांची, नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

<चित्र>
  <आयत रंग="पिवळा"/>
  <वर्तुळ रंग="तांबडा"/>
  <आयत रंग="निळा"/>
  <बहुरेषा रंग="काळा"/>
  <बहुभुज रंग="हिरवा"/>
</चित्र>

मुळात अडचण कोठे येते?

चित्र या एलिमेंटच्या पोटात चार वेगवेगळ्या नावांची मुले आहेत आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत. प्रोग्रामच्या दृष्टीने मात्र ती सगळी आकृत्याच आहेत, त्यामुळे चित्र या क्लासमध्ये आकृत्यांची एकच लिस्ट असावी अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. बाइंडिंग लायब्ररीचा मूळ नियम वेगळा असतो: एका प्रॉपर्टीला एक एलिमेंटनाव. लिस्टचे नाव नुसते "आकृत्या" ठेवले, तर लायब्ररी आकृत्या नावाचे एलिमेंट शोधते, तिला ते सापडत नाही आणि कोणतीही तक्रार न करता ती हात हलवत परत येते.

फाइलमध्ये प्रत्येक आकृतीविषयी दोन गोष्टी अशा असतात की ज्या ॲट्रिब्यूटमध्ये लिहिलेल्या नसतात. एक म्हणजे तिचा क्रम आणि दुसरी म्हणजे तिचे नाव. क्रम लिस्ट आपोआप सांभाळते. नाव मात्र वाचताना कोठे तरी ठेवावे लागते, नाहीतर लिहिताना ते परत आणता येत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांत हाच हिशेब आहे. वाचून दाखवणारी उदाहरणे सर्वत्र मिळतात. तीच फाइल परत लिहायची वेळ आली की त्यांतली बरीचशी उघडी पडतात.

प्रत्येक नावासाठी वेगळी लिस्ट ठेवली तर काय बिघडते?

कधी काहीच बिघडत नाही, तर कधी सगळेच बिघडते. एसव्हीजीमध्ये फाइलमध्ये नंतर आलेली आकृती आधीच्या आकृतीच्या वर रंगवली जाते. आयतांची एक लिस्ट आणि वर्तुळांची दुसरी लिस्ट केली, तर निळा आयत तांबड्या वर्तुळाच्या वर होता की खाली, ही माहिती वाचतानाच नाहीशी होते आणि नंतर कोणत्याही युक्तीने ती परत मिळत नाही. वर्डच्या दस्तऐवजातही तसेच आहे: परिच्छेद आणि तक्ते एकाच मजकुरात आलटून पालटून येतात, त्यामुळे परिच्छेद एका लिस्टमध्ये आणि तक्ते दुसरीत ठेवले की कोणता तक्ता कोणत्या परिच्छेदाखालचा हे कळेनासे होते.

याउलट जीपीएस यंत्रांच्या जीपीएक्स १.१ या स्वरूपात आधी सगळे वेपॉइंट, मग सगळे रूट आणि मग सगळे ट्रॅक, असा क्रम स्कीमानेच, म्हणजे फाइलची रचना सांगणाऱ्या नियमावलीनेच, ठरवून दिलेला आहे. तेथे तीन वेगळ्या लिस्ट ठेवणेच योग्य, आणि एक सामाईक लिस्ट बनवण्याचा अट्टहास करू नये. स्कीमामध्ये सीक्वेन्स (ठरलेला क्रम) आहे की अमर्याद वेळा येणारा चॉइस (यांपैकी कोणतेही एक) आहे, एवढे पाहिले तरी निर्णय होतो.

जॅक्सबीमध्ये सर्वांत सरळ मार्ग कोणता?

एक्सएमएल-एलिमेंट्स हे अनेकवचनी ॲनोटेशन. आकृती हा सामाईक ॲबस्ट्रॅक्ट क्लास करावा. आयत, वर्तुळ, बहुरेषा आणि बहुभुज हे त्याचे उपक्लास करावेत. आणि आकृतींच्या लिस्टवर एक्सएमएल-एलिमेंट्स लावून त्याच्या आत प्रत्येक नावासाठी एक एकवचनी एक्सएमएल-एलिमेंट द्यावे, ज्यात नाव आणि क्लास अशी जोडी असते. वाचताना नावावरून क्लास ठरतो, लिहिताना क्लासवरून नाव ठरते. म्हणजे एलिमेंटचे नाव येथे ऑब्जेक्टच्या क्लासमध्ये साठवले जाते, आणि जोपर्यंत एका क्लासला एकच नाव आहे तोपर्यंत हा व्यवहार दोन्ही दिशांनी चोख राहतो.

एक्सएमएल-एलिमेंट-रेफ त्याहून वेगळे कसे?

त्यात नावांची यादी लिस्टवर नसते. प्रत्येक उपक्लासवर एक्सएमएल-रूट-एलिमेंट लावलेले असते, म्हणजे प्रत्येक क्लास आपले नाव स्वतःबरोबर बाळगतो, आणि लिस्टवर फक्त एक्सएमएल-एलिमेंट-रेफ लिहिले की पुरते. उद्या लंबवर्तुळ आले, तर नवा क्लास लिहावा लागतो पण चित्र या क्लासला हात लावावा लागत नाही. स्कीमाच्या भाषेत सांगायचे तर एक्सएमएल-एलिमेंट्स चॉइसशी जुळते आणि एक्सएमएल-एलिमेंट-रेफ सब्स्टिट्यूशन ग्रुपशी (एका एलिमेंटच्या जागी चालणाऱ्या एलिमेंट्सच्या गटाशी).

अट एवढीच की जॅक्सबीला उपक्लास माहीत असले पाहिजेत. जावामध्ये वडील क्लासला आपली मुले कोण हे ठाऊक नसते; त्यामुळे आकृतीवर एक्सएमएल-सी-ऑल्सो लावून उपक्लासांची नावे द्यावी लागतात किंवा कॉन्टेक्स्ट (जॅक्सबीला कोणते क्लास माहीत आहेत ते सांभाळणारे ऑब्जेक्ट) बनवताना ते क्लास हाताने द्यावे लागतात. हे राहिले तर नवी आकृती गुपचूप वगळली जाते. आकृत्यांचे प्रकार ठरलेले आणि मोजके असतील तर एक्सएमएल-एलिमेंट्सच बरे, कारण सगळी नावे एका जागी डोळ्यांसमोर राहतात.

दोन नावांसाठी एकच क्लास वापरला. वाचताना सगळे नीट होते, पण लिहिताना नावे बदलतात. असे का होते?

हा या विषयात नेहमी विचारला जाणारा प्रश्न आहे आणि एसव्हीजीत त्याचे नेमके उदाहरण आहे. बहुरेषा आणि बहुभुज या दोघांची भूमिती एकाच ॲट्रिब्यूटमध्ये, बिंदूंच्या यादीत, दिलेली असते. फरक एवढाच की बहुभुजाचा शेवटचा बिंदू पहिल्याला जोडून आकृती बंद केली जाते आणि बहुरेषा उघडी राहते. रचना सारखी दिसते म्हणून प्रोग्रामर दोन्हींसाठी "बिंदुमाला" असा एकच क्लास लिहितो आणि एक्सएमएल-एलिमेंट्समध्ये दोन्ही नावांसमोर तोच क्लास देतो. वाचताना दोन्ही एलिमेंट्स लिस्टमध्ये येतात. लिहिताना लायब्ररीपुढे फक्त बिंदुमाला या क्लासचे ऑब्जेक्ट असते. ते कोणत्या नावाने आले होते हे तिला कोठूनही कळत नाही, त्यामुळे दोन्हींसाठी ती एकच नाव वापरते. बंद आकृत्या उघड्या होतात किंवा उघड्या आकृत्या बंद होतात, आणि एररसुद्धा येत नाही.

यावर दोन प्रामाणिक उपाय आहेत. पहिला म्हणजे बिंदुमालेचे बहुरेषा आणि बहुभुज असे दोन रिकामे उपक्लास करणे. रिकामे क्लास लिहिणे अनेकांना खटकते, परंतु ते खरे रिकामे नसतात: एलिमेंटचे नाव साठवणे हेच त्यांचे काम असते. शक्य असेल तेथे हाच उपाय करावा.

दुसरा उपाय जॅक्सबी-एलिमेंट या वेष्टनाचा. लिस्टमध्ये थेट बिंदुमाला न ठेवता तिच्याभोवती जॅक्सबी-एलिमेंटचे ऑब्जेक्ट ठेवायचे, ज्यात नाव, प्रकार आणि प्रत्यक्ष मूल्य हे मुख्य भाग असतात. त्यासाठी एक्सएमएल-रजिस्ट्री लावलेला फॅक्टरी क्लास आणि त्यात प्रत्येक नावासाठी एक्सएमएल-एलिमेंट-डिक्ल लावलेली पद्धत (मेथड) लागते, आणि लिस्टवर एक्सएमएल-एलिमेंट-रेफ्स. वापरताना प्रत्येक वेळी वेष्टन उघडावे लागते, त्यामुळे कोड बोजड होतो. वर्डच्या फाइल हाताळणाऱ्या डॉक्स-फोर-जे या जावा लायब्ररीत याचा अनुभव येतो: दस्तऐवजाच्या मजकुराची लिस्ट सामान्य ऑब्जेक्टची असते, परिच्छेद त्यात थेट येतात, पण तक्ते जॅक्सबी-एलिमेंटमध्ये गुंडाळलेले येतात, म्हणून वेष्टन काढणारी अनरॅप नावाची सोय त्या लायब्ररीला स्वतःच पुरवावी लागली आहे. एलिमेंट्समधले मूल्य नुसती स्ट्रिंग किंवा संख्या असेल, तर उपक्लास करता येत नाहीत आणि मग हा मार्ग उपयोगी पडतो.

क्लासमध्येच "मूळ नाव" असे एक फील्ड ठेवून ते आफ्टर-अनमार्शल पद्धतीत (ऑब्जेक्ट वाचून झाल्यावर जॅक्सबी आपोआप बोलावते त्या मेथडमध्ये) भरता येईल का?

नाही. त्या पद्धतीला अनमार्शलर (एक्सएमएल वाचणारे ऑब्जेक्ट) आणि वडील ऑब्जेक्ट एवढेच मिळते, एलिमेंटचे नाव मिळत नाही.

स्कीमावरून क्लास तयार केले तर प्रॉपर्टीला "आयत ऑर वर्तुळ ऑर बहुरेषा" असे लांबलचक नाव का येते?

अमर्याद वेळा येणारा चॉइस दिसला की एक्सजेसी हे साधन क्रम राखण्यासाठी स्वतःहून एकच लिस्ट बनवते. आतापर्यंत जे हाताने करत होतो तेच ते करते. लिस्टला कोणते नाव द्यावे हे स्कीमात नसते, म्हणून ते पहिली काही एलिमेंटनावे "ऑर" या शब्दाने जोडते. बाइंडिंग फाइलमध्ये त्या चॉइससाठी प्रॉपर्टीचे नाव दिले की हा प्रश्न सुटतो. लिस्टचा प्रकार नुसता ऑब्जेक्ट आला असेल, तर स्कीमातील प्रकारांना सामाईक आधार-प्रकार नाही असे समजावे. स्कीमा आपल्या हातात असेल तर तो तेथेच जोडावा.

एकच नाव रचनेत दोन ठिकाणी आले, तर एक्सजेसी सगळे काही "कन्टेन्ट" नावाच्या एका लिस्टमध्ये ओतते. हे पाहून साधन बिघडले असे वाटते, पण त्याला नावावरून जागा ठरवता आलेली नसते, एवढेच.

ॲनोटेशन बरोबर आहेत, तरीही लिस्ट रिकामी किंवा नल येते. काय तपासावे?

सर्वांत आधी नेमस्पेस, म्हणजे एलिमेंटचे नाव कोणत्या संचातले आहे हे सांगणारी ओळख. फाइलमध्ये मुळावर डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेला असेल, तर आतली सगळी एलिमेंट्सही त्याच नेमस्पेसमध्ये जातात, आणि एक्सएमएल-एलिमेंट्समध्ये तो दिला नसेल तर जॅक्सबीच्या लेखी ते "आयत" आणि आपले "आयत" ही दोन वेगळी एलिमेंट्स असतात. पॅकेज-इन्फो फाइलमध्ये एक्सएमएल-स्कीमा ॲनोटेशन लावून नेमस्पेस द्यावा आणि एलिमेंट-फॉर्म-डीफॉल्ट क्वालिफाइड ठेवावा. हा दुसरा भाग विसरणे फार सोपे आहे: मुळाचे एलिमेंट जुळते, म्हणून सगळे जुळले असे वाटते.

जॅक्सबीचा अनमार्शलर अनोळखी एलिमेंट मुकाट्याने टाकून देतो. त्याला बोलते करण्यासाठी व्हॅलिडेशन-इव्हेंट-हँडलर जोडावा. मग कोणते नाव अपेक्षित होते आणि कोणते आले हे तो नेमस्पेससह सांगतो. याहून जलद युक्ती म्हणजे हाताने एक चित्र ऑब्जेक्ट बनवून त्यात दोन आकृत्या घालणे, ते एक्सएमएलमध्ये लिहून काढणे आणि मिळालेला मजकूर मूळ फाइलशेजारी ठेवून पाहणे. फरक डोळ्यांना लगेच दिसतो.

एकही आकृती नसेल तर फील्ड नलच राहते. गेटरमध्ये गरजेनुसार रिकामी लिस्ट बनवण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

डॉट नेटमध्ये हेच कसे करतात?

लिस्टवर एक्सएमएल-एलिमेंट हे ॲट्रिब्यूट अनेकदा लावतात, दर वेळी एक नाव आणि एक प्रकार देऊन. आकृत्या कोणत्याही वेष्टनाशिवाय थेट चित्राच्या पोटात येतात. सगळ्या आकृत्या एखाद्या वेगळ्या एलिमेंटच्या आत असतील, तर एक्सएमएल-ॲरे हे बाहेरच्या नावासाठी आणि एक्सएमएल-ॲरे-आयटम हे आतल्या प्रत्येक नावासाठी वापरतात. जावामध्ये त्याच परिस्थितीत एक्सएमएल-एलिमेंट-रॅपर लागते.

एकाच प्रकारासाठी दोन नावे दिली, तर डॉट नेटचा सिरियलायझर जॅक्सबीसारखा गप्प बसत नाही. सिरियलायझर बनवतानाच तो अपवाद (एक्सेप्शन) फेकतो आणि एक्सएमएल-चॉइस-आयडेंटिफायर जोडा असे सांगतो. ही चांगली सवय आहे. त्यात एक समांतर ॲरे ठेवावे लागते: आकृत्यांच्या ॲरेतील पाचव्या ऑब्जेक्टचे नाव दुसऱ्या ॲरेतील पाचव्या एनम मूल्यात असते. दुसऱ्या ॲरेवर एक्सएमएल-इग्नोर लावलेले असते, आणि दोन्हींची लांबी व क्रम जुळता ठेवणे ही आपली जबाबदारी असते. मधली एक आकृती काढली आणि तिचे नाव काढायचे राहिले, की तिच्यापुढची सगळी नावे एका घराने सरकतात. म्हणून येथेही, जमेल तेव्हा, रिकाम्या उपक्लासांचा मार्गच अधिक सुरक्षित ठरतो.

मॅपिंग चालू प्रोग्राममध्ये ठरवण्यासाठी एक्सएमएल-ॲट्रिब्यूट-ओव्हरराइड्स वापरत असाल, तर बनवलेला सिरियलायझर साठवून पुन्हा पुन्हा तोच वापरावा. नुसता प्रकार, किंवा प्रकार आणि डीफॉल्ट नेमस्पेस घेणारे कन्स्ट्रक्टर आतून तयार असेंब्ली (कंपाइल केलेला कोड) पुन्हा वापरतात. ओव्हरराइड्स घेणारा कन्स्ट्रक्टर दर वेळी नवी असेंब्ली बनवतो आणि ती मेमरीतून निघत नाही.

लिहिलेल्या फाइलमध्ये मधूनच एक्सएसआय-टाइप हे ॲट्रिब्यूट का दिसते?

उपक्लासचे ऑब्जेक्ट वडील क्लाससाठी जाहीर केलेल्या नावाने लिहिले जात आहे, याची ती खूण आहे. नाव सांभाळण्याची ही तिसरीच पद्धत: एलिमेंटचे नाव सगळ्यांना एकच आणि खरा प्रकार ॲट्रिब्यूटमध्ये. डॉट नेटमध्ये एक्सएमएल-इन्क्लूड लावले की हेच होते. आपल्याला वेगवेगळी नावे हवी असतील, तर त्या उपक्लासचे नाव मॅपिंगमध्ये द्यायचे राहिले आहे असे समजावे.

पुढे कोणती नावे येतील हे आधी माहीत नसेल तर?

जॅक्सबीमध्ये एक्सएमएल-एनी-एलिमेंट लावून त्याचे लॅक्स हे मूल्य खरे ठेवावे. ओळखीची एलिमेंट्स आपल्या क्लासची ऑब्जेक्ट्स बनून येतात, अनोळखी एलिमेंट्स डॉमच्या (एक्सएमएलच्या झाडासारख्या रचनेच्या) स्वरूपात तशीच राहतात आणि लिहिताना जशीच्या तशी परत जातात. लिस्ट मग सामान्य ऑब्जेक्टची होते आणि कंपायलरची मदत संपते. दुसऱ्याने बनवलेल्या फाइलमध्ये थोडा बदल करून ती परत द्यायची असेल, तर ही किंमत मोजण्यासारखी आहे.

मध्ये मोकळा मजकूर असेल तर?

लिस्टवर एक्सएमएल-मिक्स्ड जोडावे. मजकूर स्ट्रिंग म्हणून योग्य जागी येतो. हे ॲनोटेशन एक्सएमएल-एलिमेंट-रेफ, रेफ्स किंवा एनी-एलिमेंट यांच्याबरोबर चालते, एक्सएमएल-एलिमेंट्सबरोबर नाही.

एलिमेंट्सना देवनागरी नावे देणे सुरक्षित आहे का?

बहुतांशी होय. एक्सएमएल १.० हे १९९८ साली आले तेव्हापासून देवनागरी अक्षरे नावात चालतात. मराठीपुरत्या तीन अडचणी मात्र लक्षात ठेवाव्यात. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याच वर्षीच्या एक्सएमएल १.० च्या पाचव्या आवृत्तीने नावांचे नियम सैल केले, पण डॉट नेटचा वाचक चौथ्या आवृत्तीवर चालतो, त्यामुळे ॲ ने सुरू होणारे नाव तेथे नाकारले जाते. दुसरी अडचण ऱ ची: हे अक्षर एका कोडने लिहिता येते आणि र ला नुक्ता जोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पार्सर कोडची तुलना करतो, म्हणून क्लासमधले नाव आणि फाइलमधले नाव जुळत नाही आणि लिस्ट रिकामी येते. रफाराऐवजी येणारा अर्धा र जोडणाऱ्या अदृश्य चिन्हाने टाइप केला असेल, तर ते चिन्हही जुन्या नियमांनुसार नावात चालत नाही. तिसरी गोष्ट मूल्यांची: स्कीमाच्या संख्या-प्रकारांना इंग्रजी (0 ते 9) अंकच लागतात, १२ असे देवनागरीत लिहिलेले चालत नाही.

फाइल फार मोठी असेल तर सगळी लिस्ट मेमरीत आणावी का?

नको. ओपनस्ट्रीटमॅपच्या फाइलमध्ये नोड, वे आणि रिलेशन अशी तीन नावांची एलिमेंट्स एकाच मुळाखाली प्रचंड संख्येने असतात. अशा वेळी स्टॅक्स रीडरने, म्हणजे फाइल थोडी थोडी वाचत जाणाऱ्या रीडरने, एकेका एलिमेंटपर्यंत जावे, नाव पाहून क्लास ठरवावा आणि तेवढाच तुकडा अनमार्शलरला द्यावा. कॉन्टेक्स्ट एकदाच बनवावा, तो अनेक थ्रेडमध्ये वापरता येतो. अनमार्शलर तसा वापरता येत नाही.

इतर भाषांत काय सोय आहे?

गो भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत स्लाइसवर "एनी" हा टॅग लावला आणि स्ट्रक्टमध्ये एक्सएमएल-नेम हे फील्ड ठेवले, की कोणत्याही नावाची मुले क्रमाने येतात आणि नाव त्या फील्डमध्ये राहते. बहुरेषा-बहुभुजाचा प्रश्न येथे उद्भवतच नाही. रस्टमध्ये क्विक-एक्सएमएल आणि सर्डी यांच्या जोडीने एनमच्या व्हेक्टरला "डॉलर व्हॅल्यू" असे नाव देतात. एनमचा प्रत्येक पर्याय म्हणजे एक एलिमेंटनाव. पायथॉनमध्ये एक्सएसडेटा हे साधन कंपाउंड फील्ड्सचा पर्याय दिल्यास एकच लिस्ट बनवते, पण साध्या कामासाठी नावापासून क्लासकडे नेणारी डिक्शनरी आणि मुलांवरून एक लूप पुरेसा होतो. एलिमेंट-ट्रीमध्ये नेमस्पेस असलेले नाव महिरपी कंसातील नेमस्पेससह येते, तेवढे डिक्शनरीत जपावे.

जुना कोड जावा ११ वर जॅक्सबीचे क्लास सापडत नाहीत असे सांगतो. मॅपिंग बदलावे लागेल का?

मॅपिंग नाही. जॅक्सबी २०१८ साली जावा ११ मधून काढले गेले, म्हणून ते स्वतंत्र डिपेंडन्सी म्हणून जोडावे लागते. ३.० आवृत्तीपासून पॅकेजचे नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झाले आहे. दोन्ही नावांची ॲनोटेशन एकाच प्रकल्पात मिसळली, तर नव्या लायब्ररीला जुनी ॲनोटेशन दिसत नाहीत, आणि परिणाम पुन्हा तोच: रिकामी लिस्ट.

मॅपिंग बरोबर आहे याची चाचणी कशी लिहावी?

फाइल वाचावी, परत लिहावी आणि मुलांच्या नावांचा क्रम मूळ क्रमाशी ताडून पाहावा. ऑब्जेक्ट्सची संख्या मोजून भागत नाही, कारण नावे बदलली तरी संख्या तीच राहते. चाचणीच्या फाइलमध्ये एकच नाव दोनदा यावे आणि त्या दोघांच्या मध्ये वेगळे नाव असावे, वरच्या नमुन्यात आयत, वर्तुळ, आयत असा क्रम आहे तसे. गटागटाने लावलेल्या फाइलवर वेगळ्या लिस्टचे मॅपिंगही पास होते. सारख्या रचनेची दोन नावे, म्हणजे येथे बहुरेषा आणि बहुभुज, दोन्ही असावीत, आणि नेमस्पेस प्रत्यक्ष कामाच्या फाइलमध्ये आहे तसाच ठेवावा.